होल्टर नोंदयंत्र

हृदयाच्या विद्युत्-स्पंदांचा आलेख (ईसीजी) २४ ते ४८ तास सलग नोंदवणारे, अंगावर बाळगण्याचे उपकरण. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर (१९१४–८३) यांचे पहिले यंत्र पाठीवर वाहावे लागे व त्याचे वजन सु. ३८ किग्रॅ. होते, पुढे ते खिशात मावू लागले. दवाखान्यातला ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असल्याने अधूनमधून येणारी धडधड किंवा भोवळ त्यात सापडतेच असे नाही. म्हणून छातीला इलेक्ट्रोड चिकटवून रुग्णाला नेहमीच्या कामाला धाडतात. म्हणजे बारामती–इंदापूरकडच्या शेतकऱ्याने रात्री उसाला पाणी धरणे सोडू नये. त्रास झाल्याची वेळ मात्र टिपून ठेवावी. उपकरणाइतकेच हे टिपण महत्त्वाचे. घामाने इलेक्ट्रोड सुटतात, ही उन्हाळ्यातली खरी अडचण. अंघोळही बहुधा टाळावी लागते.

होल्टरसारखीच अंगावर बाळगता येणारी मनगटी स्मार्ट घड्याळे हिरव्या प्रकाशाने त्वचेखालील रक्तप्रवाहातील चढउतार टिपून नाडी मोजतात. काहींत एकपदरी ईसीजीही असतो. त्यातून अलिंद-कंपनाचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीचा) संशय येऊ शकतो, पण हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. छातीत कळ आल्यास घड्याळ न पाहता थेट रुग्णालय गाठावे.