चीवर कोणाला?

छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात, माणूस दाखल झाला की सोबत आलेल्यांपैकी एक जण शहागंजच्या बाजारात येतो. चादर, बादली, मग, थर्मास, गाड्यावरची मोसंबी. गाव जालन्याकडचं असो नाहीतर बीडकडचं, यादी हीच. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच वर्षी इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि पुढे अख्खा मुलूख आजारपणात घाटीची वाट धरू लागला. हे सामान घेऊन वॉर्डात परतणारा मेहुणा किंवा थोरली सून पुढचे आठ-दहा दिवस निम्मी परिचर्या करणार असते. कागदोपत्री त्या माणसाची ओळख एकच : नातेवाईक.

गंमत अशी, की आजारी माणसाशी असलेलं नातं हाच परिचर्येचा गाभा, असं सांगणारा एक सिद्धांत नर्सिंगच्या जगात चांगला प्रतिष्ठित आहे. तो मांडला अमेरिकेतल्या मार्गारेट न्यूमन यांनी. (परिचर्येच्या सिद्धांतांत बेटी न्यूमन म्हणून आणखी एक बाई आहेत. इंग्रजी स्पेलिंगमुळे त्या वेगळ्या राहतात, देवनागरीत दोघी एक होऊन जातात.) मार्गारेटबाई मेम्फिसच्या, जन्म १९३३. पहिली पदवी गृहशास्त्र आणि इंग्रजीची. मग आईला स्नायू हळूहळू निकामी करणारा असाध्य आजार झाला आणि मुलीने पाच वर्षं तिचं सगळं केलं. आईचं शरीर एकेक हालचाल सोडत गेलं, पण माणूस म्हणून ती कुठेच उणी झाली नाही, हे मुलीला रोज दिसत होतं. आई गेल्यावर ती नर्सिंगला गेली आणि १९६२ मध्ये पदवी घेतली. न्यूयॉर्क विद्यापीठात तिला मार्था रॉजर्स भेटल्या. माणूस आणि त्याचा परिसर वेगळे काढता येत नाहीत, असं रॉजर्सबाई शिकवत. हा विचार मांडणारा त्यांचा ग्रंथ १९७०चा. न्यूमन यांनी आपला विचार १९७८ मध्ये प्रथम जाहीरपणे मांडला आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक केलं. आरोग्य म्हणजे जाणिवेचा विस्तार, असं त्याचं सूत्र. आजार ही आरोग्याची उलट बाजू नव्हे. त्या माणसाच्या जगण्याची जी घडण आहे तीच आजारातही दिसते, हा त्याचा अर्थ.

या सिद्धांतातला जाणिवेच्या विस्ताराचा भाग मला जरा हवेतला वाटतो. भौतिकशास्त्रातून आणि ध्यानधारणेवरच्या पुस्तकांतून उचललेली भाषा त्यात बरीच आहे. शिवाय आजार तुमच्या घडणीतच होता, असं कॅन्सरच्या रुग्णाला ऐकवायला धाडस लागतं, आणि ते चुकीच्या तोंडी गेलं तर क्रूर होतं. पण न्यूमनबाईंची पद्धत मात्र पक्की जमिनीवरची आहे. परिचारिकेने रुग्णाजवळ बसावं, तुमच्या आयुष्यातली महत्त्वाची माणसं आणि प्रसंग सांगा म्हणावं, ऐकावं. मग त्याचा साधा आराखडा काढून पुढच्या भेटीत त्याच्यापुढे ठेवावा. दुरुस्तीचा हक्क रुग्णाचा.

या विचाराचं कुळ बहुतेक वेळा फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सुरू करतात. मला ते अर्धंच वाटतं. त्याची थोरली शाखा शोधायची तर शहागंजातून रिक्षा करून बीबीच्या मकबऱ्यामागच्या डोंगरात जावं. तिथली बहुतेक बौद्ध लेणी सहाव्या-सातव्या शतकातली. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर उभा आहे आणि भोवती आग, बेड्या, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती अशा संकटांत सापडलेली माणसं त्याचा धावा करताहेत. आजारपण मात्र तिथे वेगळं कोरलेलं नाही. त्याचा बंदोबस्त धाव्यावर सोडलेला नव्हता. तो विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, आधीच झालेला होता.

पाली विनयातल्या महावग्गात ती हकीकत येते. एका भिक्षूला अतिसार झालेला, स्वतःच्याच घाणीत पडलेला, कोणी बघेना. का? तर तो इतरांच्या काही कामाला येत नव्हता. बुद्धाने शिष्य आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. मग सगळ्यांना गोळा करून विचारलं : तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये बुद्धाच्या माणुसकीबद्दल लिहिताना ही हकीकत आवर्जून घेतली आहे.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर ती बोधकथा झाली असती. तिच्यापुढे नियम येतात, आणि ते एखाद्या अनुभवी मेट्रनने लिहिल्यासारखे आहेत. शुश्रूषा करणाऱ्याला औषध तयार करता आलं पाहिजे. पथ्य-अपथ्य कळून अपथ्य दूर ठेवता आलं पाहिजे. त्याने मैत्रीच्या भावनेने करावं, काही मिळेल म्हणून नव्हे. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस वाटता कामा नये. आणि वेळोवेळी बोलून रुग्णाचं मन उभं करता आलं पाहिजे. रुग्णाच्या बाजूनेही पाच गोष्टी आहेत. त्यातली एक मला फार महत्त्वाची वाटते : दुखणं वाढतंय, उतरतंय की जैसे थे आहे, हे त्याने शुश्रूषा करणाऱ्याला खरंखरं सांगावं.

आणि हे सगळं महावग्गात कुठे यावं? चीवराच्या, म्हणजे वस्त्रांच्या, प्रकरणात. कारण भिक्षू वारला की त्याचं पात्र आणि चीवर कोणाचं, हा प्रश्न होता. मालकी संघाची, हे बुद्धाने मान्य केलं. पण आजाऱ्याचं करणाऱ्यांचे उपकार मोठे, म्हणून संघाने ते त्यांना द्यावं, असं ठरलं. शुश्रूषा करणारा नुसता श्रामणेर, म्हणजे पूर्ण दीक्षा न झालेला नवखा, असला तरी वाटा बरोबरीचा. लाभासाठी करू नकोस असं बजावायचं, आणि करणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचंही नाही. हा तोल आपल्या समाजाला पुढे साधला नाही. घरात सासऱ्याचं करणारी सून पुण्यवान. तेच काम पगार घेऊन परक्याचं केलं की नाकं मुरडायची. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी मुलींना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा त्यांची झुंज याच नाक मुरडण्याशी होती.

विनयाबाहेर, आयुर्वेदातल्या चरकसंहितेत, चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे गुण चार. परिचारकाला उपचारांची जाण, दक्षता आणि स्वच्छता हवी, तसाच अनुरागही हवा. प्रेम तिथे अंगच्या कौशल्याच्या रांगेत बसवलं आहे. रोग्याच्या चार गुणांत ज्ञापकत्व येतं, म्हणजे आपलं दुखणं सांगता येणं. विनय आणि चरक दोघांनी रुग्णाच्या सांगण्याला उपचाराचा भाग मानलं, हा योगायोग नसावा. खाटेजवळ बसणाऱ्या कोणालाही ते कळतंच.

नाइटिंगेलबाईंनाही ते कळलं होतं, पण त्या करड्या हिशेबी होत्या. भारतातल्या लष्कराच्या आरोग्यासाठी त्यांनी लंडनमध्ये बसून वर्षानुवर्षं आकडे तपासले; इथे एकदाही आल्या नाहीत. १८५९च्या त्यांच्या परिचर्येवरच्या छोट्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. रात्र बरी गेली का, असं विचारण्याला त्यांचा सक्त विरोध. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, हे विचारा. 'बरं आहे' या उत्तरातून कोणालाच काही कळत नाही.

आता वॉर्डात या. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवण्याच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सरकारी वॉर्डात रात्रपाळीला एकीच्या वाट्याला किती खाटा येतात, हे तिथे एक रात्र काढलेल्या कोणालाही विचारा. सलाईन, इंजेक्शनं, चार्ट, नव्या भरतीचे कागद. तिने कोणाजवळ बसून त्याच्या आयुष्यातली माणसं कधी विचारायची? एम.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात रॉजर्स आहेत, जीन वॉटसनसारख्या इतर सिद्धांतकारही आहेत. विद्यार्थिनी ते सिद्धांत नीट लिहितातही. सिद्धांतात खोट नाही, खाटांच्या हिशेबात आहे. आणि म्हणून अनुराग, मन उभं करणं, रात्रभर जागं राहून श्वास ऐकणं ही सगळी कामं न शिकलेल्या नातेवाइकाकडे गेली आहेत. भेटीची वेळ संपली की आपण त्यालाच बाहेर काढतो, आणि तो बाहेर व्हरांड्यात पथारी टाकतो.

आपलं माणूस वॉर्डात असेल तर सिस्टरला 'आता बरं आहे ना हो?' असं विचारत बसू नका. तिला सांगा : रात्री दोनपासून झोप नाही, दुपारचा भात तसाच आहे, लघवी कमी झाली आहे, घरच्या म्हशीची काळजी लागून राहिली आहे. तिच्याजवळ वेळ नाही, तुमच्याजवळ ही माहिती आहे; दोन्ही मिळूनच शुश्रूषा होते. आणि पुढच्या वेळी मतं मागायला कोणी दारात आलं, तर तीन खाटांमागे एक परिचारिका कधी देणार, एवढं विचारल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.