नासाकोटरशोथ : मुलांमधील मस्तिष्कगत उपद्रव

नाकाभोवतालच्या हाडांतील हवेच्या पोकळ्यांचा, म्हणजेच सायनसांचा, जंतुजन्य दाह कवटीच्या आत पसरल्याने उद्‌भवणारे विकार. ते विरळ आहेत, डोळ्याच्या खोबणीतील सूज त्यांहून पुष्कळ अधिक आढळते. परंतु हयगय झाल्यास ते प्राणावर बेततात.

गालांतील कोटरे जन्मतःच असतात. ललाटकोटर, म्हणजे कपाळातील कोटर, मात्र सहा-आठ वर्षांनंतर वाढीस लागून किशोरवयात पूर्णत्वास जाते, आणि कपाळाच्या हाडातून मेंदूच्या आवरणाकडे जाणाऱ्या नीलांना झडपाच नसल्यामुळे हाड शाबूत असतानाही संसर्ग आत शिरू शकतो. म्हणूनच हे उपद्रव तान्ह्यांपेक्षा मोठ्या मुलांत, त्यातही मुलग्यांत, अधिक दिसतात. दृढतानिकेच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरील जाड आवरणाच्या, बाहेर किंवा खाली पू साचणे, मेंदूत विद्रधी (गळू) होणे, मस्तिष्कावरणशोथ आणि नीलांत रक्त गोठणे हे त्यांचे प्रकार होत. दृढतानिकेखालचा पू मेंदूच्या पृष्ठभागावर झपाट्याने पसरतो, म्हणून तो विशेष धास्तीचा. कपाळावर येणारी मऊ, दुखरी सूज, जिचे वर्णन लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी अठराव्या शतकात केले, ती हाड सडत असल्याची वर्दी होय. तिला मुका मार समजून लेप लावीत बसणे घातक ठरते.

वाशीम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावी सर्दी हा घरोघरचा मामला असून ती बहुधा आपोआप उतरते, आणि प्रत्येक सर्दीसाठी तालुक्याची वाट धरावी असे सांगणे शेतकरी कुटुंबावर अन्यायाचे होईल. परंतु दहा दिवसांत ती हटली नाही, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर डॉक्टरांना दाखवावे, आणि डोके ठणकून उलट्या होऊ लागल्या, पापणी सुजली, मूल झापडीत गेले, झटके आले वा एक अंग लुळे पडले, तर रात्र असली तरी सीटी किंवा एमआरआयची सोय असलेले रुग्णालय गाठावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अकोल्यास पूर्वीपासून आहे. वाशीमला ते 2024 मध्ये सुरू झाले.

कवटीतील दाब वाढलेला असण्याचा संभव असल्याने मेंदूची प्रतिमा पाहिल्यावाचून पाठीतून पाणी काढणे धोक्याचे असते. शिरेवाटे प्रतिजैविके कित्येक आठवडे द्यावी लागतात, आणि नुसत्या औषधाने पू हटत नसेल तेथे मेंदूचे शल्यविशारद व नाक-कान-घशाचे तज्ज्ञ यांनी मिळून तो काढण्याची आणि उगमीचे कोटर दुर्बिणीने मोकळे करण्याची तजवीज करावी लागते. बरे झालेल्या मुलालाही काही काळ झटक्यांवरील औषध चालू ठेवावे लागू शकते, आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये.