कानाशी लागलेले सैतान

कानाशी लागलेल्या सैतानांचं हे चित्र अमेरिकी जादूगार हॅरी केलर याच्या १८९४ च्या पोस्टरवरचं आहे. केलरच्या दोन्ही खांद्यांवर इवलेसे तांबडे सैतान बसले आहेत आणि त्याच्या कानात काहीतरी कुजबुजताहेत. याला गुपितं कळतात कुठून, याचं उत्तर एकही शब्द न लिहिता दिलेलं! ही कल्पना पुढे इतकी रुळली की, ज्याला केलरने १९०८ साली बाल्टिमोरला आपला वारस नेमलं त्या हॉवर्ड थर्स्टनच्या पोस्टरांवरही असेच सैतान आले. जादूगार चार्ल्स कार्टर तर एका पोस्टरवर खुद्द सैतानाशी पत्ते खेळतो. (हा कार्टर १९३६ साली आपल्या मुंबईत वारला.)

केलरचं पोस्टर सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज कंपनीने शिळाछापावर काढलं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यावर तेलकट खडूने हाताने रेखाटलेलं चित्र, आणि मग एकाच कागदावर सगळे रंग नेमके एकमेकांवर बसवायचे. अशी पोस्टरं खळीने भिंतीला डकवत. खेळ पुढच्या गावी गेला की त्यांच्यावर दुसरी चढत. आज हाती लागतात ती बहुतांशी न डकवता उरलेली. कुणी त्यांना ‘बाजारू चित्रं’ म्हटलं, तर ते मला मान्य नाही. दगडावर ठिपक्या-ठिपक्याने गालावरची सावली उभी करणारे ते हात कसलेल्या चित्रकारांचे होते. पोस्टरवर जादूगाराचं नाव ठळक असे, चित्रकाराचं बहुधा नसेच, याची फार हळहळ वाटते.