गर्भवासाची हकीकत

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तरेस, कुंभार पिंपळगांव हें मोठें गांव आहे. त्याच्या जवळच जांब हें खेडें. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ च्या रामनवमीस या जांबेस सूर्याजीपंत ठोसरांच्या घरीं, राणूबाईंच्या पोटीं नारायण जन्मास आला. तोच पुढें समर्थ रामदास या नांवानें विख्यात झाला. मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या दासबोध वाचला जात आहे. त्याच्या तिसऱ्या दशकाचा पहिला समास जन्मदुःखाचा असून, गर्भांत मूल कसें वाढतें याचें जें चित्र मराठी मनांत दीर्घकाळ ठसून राहिलें, तें बव्हंशी या समासानेंच ठसविलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

तें चित्र भयंकर आहे. देह विटाळापासून उत्पन्न होतो; जीव मलमूत्राच्या कोंडीत नऊ महिने तळमळतो; सुटका व्हावी म्हणून देवाची करुणा भाकतो; गर्भांत त्याला ‘सोहं’ हें भान असतें आणि बाहेर पडतांच ‘कोहं’ म्हणून तो रडूं लागतो. समर्थांस वैद्यक शिकवावयाचें नव्हतें, वैराग्य शिकवावयाचें होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवूनच हा समास वाचला पाहिजे. परंतु वाचणारा श्रोता दोहोंतला भेद नेहमींच करतो असें नाहीं. आणि त्या वर्णनांत राणूबाईंसारख्या मातेचें स्थान केवळ कोठडीचें आहे, हेंही नाकारतां येत नाहीं.

ही परंपरा समर्थांच्याही फार पूर्वींची. गर्भोपनिषदांत क्रम दिलेला आहे तो असा : एका रात्रीनें कलल, सात रात्रींनीं बुडबुडा, पंधरवड्यानें पिंड, दुसऱ्या महिन्यांत डोकें, तिसऱ्यांत पाय, सातव्यांत जीवाचा संयोग आणि नवव्यांत पूर्वजन्मांची आठवण. सुश्रुतसंहितेंत याहून अधिक रोखठोक विचार आढळतो. गर्भाचा कोणता अवयव प्रथम उत्पन्न होतो, यावर तेथें ऋषींचा वाद चालला आहे. शौनक म्हणतो डोकें, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य नाभि, मार्कंडेय हातपाय आणि सुभूति गौतम धड. अखेर धन्वंतरि निकाल देतो कीं, सर्व अवयव एकदमच होतात. आंब्याच्या फळांत गर, केसर आणि कोय हीं फळ पिकल्यावर निरनिराळीं दिसतात, कोंवळेपणीं अतिसूक्ष्मतेमुळें दिसत नाहींत, इतकेंच. ज्या काळीं गर्भ कोणीं डोळ्यांनीं पाहणें दुर्घट होतें, त्या काळीं न दिसण्याचें कारण सूक्ष्मता हें असूं शकेल असें म्हणणें, ही लहानसहान बुद्धिमत्ता नव्हे.

त्याच ग्रंथांत चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून स्त्री ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची होते, असें सांगितलें आहे. मराठींतील ‘डोहाळे’ हा शब्द याच कुळांतला. डोहाळे न पुरविल्यास मूल कुबडें किंवा पांगळें निपजतें ही समजूत खरी नव्हे. मात्र तिच्या धाकानें एरव्हीं सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या पानांत चार घांस अधिक पडले असतील, तर त्या खोट्या समजुतीनें खरें काम केलें!

दासबोधांत कलियुगाचीं ४७६० वर्षें लोटल्याचा उल्लेख आहे, त्यावरून तो भाग १६५९ च्या सुमाराचा ठरतो. त्याच्या अवघें आठ वर्षें आधीं, १६५१ सालीं, इंग्लंडांत विल्यम हार्वे यानें प्राण्यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अॅरिस्टॉटलपासून युरोपांतही समजूत हीच होती कीं, स्त्रीच्या विटाळाचें रक्त पुरुषबीजानें थिजून गर्भ बनतो. हार्वेनें राजाच्या शिकारखान्यांतील हरिणी माजाच्या दिवसांनंतर मारल्या गेल्या तेव्हां त्यांचीं गर्भाशयें चिरून पाहिलीं. कित्येक आठवडे तेथें ना थिजलेलें रक्त, ना बीज, कांहींच सांपडलें नाहीं. सूक्ष्मदर्शक हातीं नसल्यामुळें खरें काय तें त्याला कळलें नाहीं. परंतु जुनें मत खोटें आहे एवढें त्याला कळलें, आणि सर्व जीव अंड्यांतून येतात असा सिद्धांत त्यानें मांडला. पुढें १६७७ त लीवेनहूक यानें पुरुषबीजांतील हालणारे जंतू पाहिले, १७५९ त वोल्फ यानें कोंबडीच्या अंड्यांत अवयव एकामागून एक घडतात हें दाखविलें, आणि १८२७ त फॉन बेअर यास कुत्रीच्या अंडाशयांत सस्तन प्राण्याचें अंडें प्रत्यक्ष दिसलें. मानवी अंडें मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढें असतें. विटाळाशीं गर्भाच्या घडणीचा संबंध नाहीं, हें येथें कायमचें सिद्ध झालें.

आतां जें निश्चित कळलें आहे तें असें. गर्भधारणेनंतर सुमारें आठवड्याच्या आंत बीज गर्भाशयाच्या अस्तरांत रुजूं लागतें. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय हालूं लागतें. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यापासून व्हावयाचा ती नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. त्याच सुमारास हातापायांचे कोंब फुटतात. दोन महिन्यांअखेर गर्भ जेमतेम तीन सेंटिमीटरांचा असतो, परंतु मुख्य अवयवांचा आरंभ झालेला असतो. आईनें खाल्लेल्या तिखटाखारटानें तो पोळत नाहीं. तो जलपिशवींत असतो. आईचें व त्याचें रक्त वारेंत शेजारीं वाहतें, एकमेकांत मिसळत नाहीं. पोषण मात्र पडद्यांतून पार होतें.

म्हणजे मातेच्या अंगांत जें नाहीं तें गर्भाला मिळणारें नाहीं. ही गोष्ट महाराष्ट्रांत किती जिवावरची होती, हें आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून दिसतें. चौदाव्या वर्षीं झालेला त्यांचा मुलगा दहा दिवसांत गेला. त्यांनीं अमेरिकेंत वैद्यक शिकून १८८६ सालीं पदवी घेतली, तेव्हां प्रबंधाचा विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. दुसऱ्याच वर्षीं त्या निवर्तल्या.

पुढचें पाऊल मुंबईंत पडलें. १९२८ सालीं ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गरोदर गिरणीकामगार स्त्रियांच्या घातक पांडुरोगाचा शोध घेण्यास आली. परळच्या हाफकिन संस्थेंत काम करतां तिला असें आढळून आलें कीं, यीस्टच्या स्वस्त अर्कानें या स्त्रिया बऱ्या होतात. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक अॅसिड म्हणून ओळखलें गेलें.

दरम्यान गर्भ डोळ्यांनीं दिसूं लागला. १९५८ सालीं ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यानें ध्वनिलहरींनीं काढलेलीं चित्रें प्रसिद्ध केलीं. ऋषींना जें दिसलें नाहीं तें दिसूं लागल्यावर माणसांनीं त्यांत पाहिलें काय, तर मुलगा कीं मुलगी! १९८८ त महाराष्ट्रानें देशांत प्रथम त्याविरुद्ध कायदा केला, १९९४ त तो देशाचा झाला. तरी २०११ च्या शिरगणतींत गोदेपलीकडील बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलांमागें मुली ८०७ च निघाल्या.

मुंबईंतल्या त्या औषधाची कथा मात्र पुढें चालू राहिली. फॉलिक अॅसिड वेळेवर मिळाल्यास पाठीच्या कण्याचें व्यंग बहुतेक टळतें, हें १९९१ सालीं सिद्ध झालें. वेळेवर म्हणजे नळी मिटण्यापूर्वीं, ज्या दिवसांत पुष्कळशा स्त्रियांना आपण गरोदर असल्याचें ठाऊकही नसतें. म्हणून ती गोळी गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधींपासून घ्यावयाची असते. सातव्या महिन्यांत डोहाळजेवणाचें पान वाढलें जाईपर्यंत त्या नळीचें काम होऊन पांच-सहा महिने लोटलेले असतात.