नामदेव : एका नावाची वारी

आपल्या दिंडीत "अहो नामदेवराव" अशी हाक मारली की एका वेळी चार डोकी मागं वळतात. कुणी टाळकरी, कुणी पताका धरलेला, कुणी सामानाच्या ट्रकवर. गाव निराळं, जात निराळी, नाव मात्र एकच. शंभर वर्षांतल्या वाटचालीविषयी इतर मंडळींनी या ग्रंथात लिहिलंच आहे. आम्ही फक्त या एका नावाची हकिकत सांगतो. तिच्यात आपल्या संप्रदायाचीही बरीचशी हकिकत येऊन जाते.

नावाचा अर्थ सरळ आहे. नाम हाच ज्याचा देव, तो नामदेव. लेकराला देवाचं नाव ठेवायची चाल आपल्याकडं जुनी. अजामिळाची कथा आपण कीर्तनात ऐकतो. मरतेवेळी त्यानं धाकट्या लेकाला 'नारायणा' अशी हाक मारली आणि तेवढ्यानं तो तरला. त्याच आशेनं घरोघरी नारायण, हरी, विठ्ठल, पांडुरंग झाले. वारकऱ्यांनी याच्याही पुढं एक पाऊल टाकलं. देवाच्या जोडीनं त्यांनी भक्ताचं नाव पाळण्यात घातलं. ज्ञानदेव, एकनाथ, तुकाराम, पुंडलिक, नामदेव. भक्ताचा मान मोठा, ही शिकवण अशी बारशालाच कानात पडते.

हे नाव ज्यांच्यामुळं घरोघरी गेलं ते नामदेव महाराज १२७० सालचे. वडील दामाशेटी, आई गोणाई, घर शिंप्याचं. महाराजांनी ज्ञानोबारायांबरोबर तीर्थयात्रा केली. पुढं कीर्तन करत ते थेट पंजाबात पोचले. तिथं घुमान गावी त्यांचं स्थान आहे. शीख बांधव त्यांना भगत नामदेव म्हणतात. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांची पदं घेतली गेली. गुरू ग्रंथ साहिबात आज त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते या नात्यामुळंच.

नाव एवढं रुजलं की पुढच्या कवींनीही ते घेतलं. महाराजांच्या मागून विष्णुदास नामा झाले, त्यांनी मराठीत महाभारत रचलं. दोघांच्याही अभंगात 'नामा'. मग गाथ्यात एकाचे अभंग दुसऱ्याच्या नावावर गेले आणि ते निवडता निवडता अभ्यासकांचे डोळे दुखले!

आता थोडं जड बोलावं लागतं. पंढरीच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे. संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून महाराजांनी ती जागा मागून घेतली, असं आपण मानतो. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी नामदेव महाराजांनी पंढरीला आणल्या. पण त्यानंतर सहाशे वर्षं चोखोबांच्या लेकरांना तिथूनच माघारी फिरावं लागलं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठं मंदिर सर्वांना उघडलं. ज्यांना दार बंद होतं त्यांच्याही घरात नामदेव होते. नाव उंबरा ओलांडून सगळ्यांकडं गेलं, पण ते घेऊन येणाऱ्याला आपण पायरी ओलांडू दिली नाही. शताब्दीच्या आनंदात हेही लिहून ठेवलं पाहिजे.

तरी नाव टिकलं, आणि कुठं कुठं गेलं बघा. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी सुरुंगांतून वाट काढत दोन जखमी साथीदारांना सुखरूप आणलं. मग एकट्यानं शत्रूच्या मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पळसखेड्याच्या रानात कविता पिकवणारे ना. धों. महानोर, म्हणजे नामदेव धोंडो महानोर. आणि दलित पँथरचे नामदेव ढसाळ. त्यांचा 'गोलपिठा' १९७२ चा. एक शिपाई, एक शेतकरी, एक बंडखोर. तिघांच्या वाटा तीन, पण आईबापांनी पाळण्यात घातलेलं नाव तेच.

आज आपल्या दिंडीतला सगळ्यांत धाकटा नामदेव पन्नाशीकडं झुकलाय. आता बारशाच्या आधी मोबाईलवर नाव शोधतात. नामदेव म्हटलं की शाळेत पोरं चिडवतील, अशी आईला धास्ती. लेकी-सुनांना आम्ही दोष देत नाही. काळ बदलतो तशी नावंही बदलतात. पण नाव गेलं की त्याच्यामागची हकिकतही जाते, ही आमची काळजी आहे.

म्हणून माउली, एवढंच करा. कागदोपत्री नाव काहीही असू द्या, घरात लाडानं एखाद्याला 'नामा' म्हणा. दिवसातून दहा हाका माराल, दहा वेळा नाम घडेल. आणि आषाढ वद्य त्रयोदशीला, महाराजांच्या समाधीच्या दिवशी, लेकरांना जवळ बसवून घुमानची, इटलीतल्या शिपायाची आणि चोखोबांसमोरच्या त्या पायरीची गोष्ट सांगा.