अठरावा वाढदिवस आणि कॉलेजचा फॉर्म

आपल्या घरात मूल अठराचं झालं की कॉलेजची धावपळ सुरू होते. बालगृहातल्या मुलाला नेमकं तेव्हाच सामान आवरायला लागतं.

१९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळाव्या वर्षीच 'मोठा' ठरे, मुलगी अठराव्या. म्हणजे मुलाची बारावीसुद्धा व्हायची नाही! २००० च्या कायद्याने दोघांना अठरा वर्षं दिली, शिवाय पुढच्या काळासाठी अनुरक्षणगृहांची तरतूद केली. २०१५ च्या कायद्यात बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत आली. मला खुपतो तो त्यातला एक शब्द : मदत देता 'येईल'. दिलीच पाहिजे, असं नाही. २०१६ च्या नियमांनी हा आधार एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत नेला. पदवी तेवढ्यात होते.

पण प्रवेशाच्या फॉर्मवर जातीचा रकाना असतो. आईवडीलच ठाऊक नाहीत, तर दाखला कुठून आणणार? २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं, तेही खुल्या प्रवर्गातून.

इंदूर, बडोद्याच्या मंडळींनो, हे आरक्षण महाराष्ट्राचं. अनुरक्षणाचा कायदा मात्र तुमच्याकडेही लागू आहे. विचारायचं जिल्हा बाल संरक्षण कक्षात, आणि तेही अठरावं लागण्याआधी.