चेन्नईतील खासगी शाळांचे शुल्क आणि दुर्बल घटकांतील मुलांचे प्रवेश

तमिळनाडूत खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्ज मागवण्याचा प्रघात आहे. २०२५ मध्ये ते मागवण्यात आले नाहीत. जूनच्या आरंभी शाळा सुरू झाल्या, चेन्नईतील खासगी शाळांचे बालवर्ग भरले. मात्र उत्पन्नाचा व जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा जमवून बसलेल्या पालकांसाठी ऑनलाइन अर्जाची सोय खुली झालीच नाही. या विलंबाचे कारण शाळांमध्ये नव्हते, केंद्र आणि राज्य सरकार यांच्यातील निधीच्या वादात होते. प्रवेशाचा कायदेशीर हक्क आणि त्यासाठी लागणारा पैसा यांचे नाते किती नाजूक आहे, हे या एका वर्षाने दाखवून दिले.

चेन्नईत गरीब कुटुंबाच्या मुलाला शाळेची दारे बंद आहेत, असे मुळीच नाही. महापालिकेच्या आणि सरकारी शाळांत शिक्षण मोफत आहे. पाठ्यपुस्तके व गणवेशही विनामूल्य मिळतात. शाळेत जेवण देण्याची येथील परंपरा तर शतकापूर्वीची आहे. जस्टिस पक्षाच्या काळात, १९२० मध्ये, मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना भोजन देण्यास सुरुवात केली होती. पुढे के. कामराज यांच्या कारकिर्दीत १९५६ मध्ये मध्यान्ह भोजन योजना राज्यात आली, १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला आणि सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक वर्गांसाठी सकाळच्या न्याहारीचीही भर पडली.

तरीही इंग्रजी माध्यमाच्या ओढीने अल्प उत्पन्न गटातील पालकही खासगी शाळांकडे वळले. तमिळनाडूत या शाळांचा एक खास वर्ग आहे. त्यांना मॅट्रिक्युलेशन शाळा म्हणतात. एकेकाळी विद्यापीठांच्या मॅट्रिक परीक्षेशी जोडलेल्या या शाळा नंतर स्वतंत्र मंडळाखाली आल्या आणि नाव मात्र जुनेच राहिले. २०१० च्या समान शालेय शिक्षण कायद्याने, म्हणजेच 'समच्चीर कल्वी'ने, त्यांचा व सरकारी शाळांचा अभ्यासक्रम एक केला. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीचा मार्ग मोकळा केला. अभ्यासक्रम एक झाला. शुल्कातील अंतर अर्थातच तसेच राहिले.

शुल्क ठरवणारी समिती

या शुल्काला आवर घालण्यासाठी राज्याने २००९ मध्ये शाळा शुल्क वसुली नियमन कायदा केला. त्यानुसार उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक खासगी विनाअनुदानित शाळेचे शुल्क ठरवते. शाळेचे ठिकाण, उपलब्ध सुविधा, प्रशासन व देखभालीचा खर्च आणि विकासासाठी वाजवी शिल्लक या गोष्टी त्यासाठी विचारात घेतल्या जातात. ठरलेले शुल्क तीन शैक्षणिक वर्षे बंधनकारक असते. जादा रक्कम घेतल्यास ती परत करावी लागते आणि दोषी व्यक्तीला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. शालेय शुल्कासारख्या विषयात इतकी कडक शिक्षा सहसा आढळत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे एक फरक जाणवेल. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यात शाळा व्यवस्थापनाने आपला प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो, आणि मतभेद झाल्यास प्रकरण वरच्या समितीकडे जाते. तमिळनाडूने पालकांना या वाटाघाटीतून वगळले आणि निर्णय थेट न्यायिक स्वरूपाच्या समितीकडे सोपवला. शाळेशी भांडण्याचा भार पालकावर पडत नाही, हा त्याचा लाभ. मात्र हजारो शाळांचे हिशेब तपासणे एका समितीच्या आवाक्यातले आहे का, हा प्रश्न प्रारंभापासूनच उपस्थित झाला.

पहिले अध्यक्ष न्या. के. गोविंदराजन यांच्या समितीने मे २०१० मध्ये १० हजारांहून अधिक शाळांचे शुल्क जाहीर केले. त्यावर सुमारे ६,४०० शाळांनी हरकती नोंदवल्या. प्रकरण न्यायालयात फिरत राहिले, अध्यक्ष बदलले आणि न्या. के. रविराज पांडियन यांच्या समितीने जून २०११ मध्ये या शाळांसाठी नवे दर जाहीर केले. दरम्यानच्या वर्षभरात नेमके किती शुल्क भरायचे, याविषयी पालक आणि शाळा यांच्यात ठिकठिकाणी खटके उडाले. कोरोनाच्या काळात पुन्हा न्यायालयालाच हस्तक्षेप करावा लागला. जुलै २०२० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ७५ टक्के शुल्क दोन हप्त्यांत घेण्याची मुभा शाळांना दिली.

शुल्क नियमनाचा उपयोग होतो तो मुख्यतः शुल्क कसेबसे भरू शकणाऱ्या कुटुंबांना. ज्यांना ठरलेले शुल्कही परवडत नाही, त्यांच्यासाठी दुसरा कायदा आहे.

पंचवीस टक्के जागा

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ अन्वये खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना देणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळांना मात्र तिच्यातून वगळले. तमिळनाडूत २०१३-१४ पासून या जागा भरण्यास सुरुवात झाली. वार्षिक दोन लाख रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेली कुटुंबे दुर्बल घटकात मोडतात. वंचित गटात अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गीयांबरोबरच अनाथ, एचआयव्हीबाधित, तृतीयपंथी, दिव्यांग आणि सफाई कामगारांची मुले यांचा समावेश आहे. यांपैकी शेवटच्या गटांना प्राधान्य दिले जाते. उरलेल्या जागांसाठी अर्ज अधिक आल्यास सोडत काढली जाते. घरापासून शाळा एक किलोमीटरच्या आत असावी लागते. चेन्नईसारख्या दाट वस्तीच्या शहरात ही अट सोपी वाटते; परंतु भाड्याने राहणाऱ्या व वारंवार घर बदलणाऱ्या कुटुंबाला पत्त्याचा पुरावा देणे हीच मोठी अडचण ठरते.

शाळेला या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती सरकार करते. सरकारचा दरडोई खर्च किंवा शाळेचे प्रत्यक्ष शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती दिली जाते. पुस्तके आणि गणवेशाचे काय, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत राहिला आणि काही शाळा तो खर्च पालकांकडून मागत राहिल्या. एप्रिल २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हा भारही राज्य सरकारनेच उचलावा, असा निर्णय दिला.

२०२५ चा पेच

केंद्र सरकारच्या समग्र शिक्षा अभियानातून राज्यांना मिळणाऱ्या निधीतच या प्रतिपूर्तीचा वाटा असतो. तमिळनाडूने पीएम श्री शाळांच्या करारावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला. या करारामुळे राष्ट्रीय शिक्षण धोरण आणि त्यातील त्रिभाषा सूत्र स्वीकारावे लागेल, अशी राज्याची भूमिका होती. त्यानंतर २०२४-२५ चा दोन हजार कोटी रुपयांहून अधिक निधी अडकला. मे २०२५ मध्ये राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच सुमारास राखीव जागांची प्रवेशप्रक्रिया थांबून राहिली.

१० जून २०२५ रोजी न्या. जी. आर. स्वामिनाथन आणि न्या. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्या खंडपीठाने दोन्ही बाजूंना त्यांचे उत्तरदायित्व दाखवून दिले. शिक्षण हक्काच्या प्रतिपूर्तीचा संबंध राष्ट्रीय धोरणाशी जोडण्याची गरज नसल्याने केंद्राने तो निधी वेगळा देण्याचा विचार करावा, असे न्यायालयाने सांगितले. त्याचबरोबर केंद्राचा पैसा आला नाही म्हणून राज्याची जबाबदारी संपत नाही, असेही स्पष्ट केले. त्यानंतरही निधी सुटण्यास व प्रवेश सुरू होण्यास ऑक्टोबर उजाडला. वर्ग भरून चार महिने लोटले होते. त्यामुळे ज्या मुलांनी आधीच खासगी शाळेत प्रवेश घेतला होता, त्यांच्यातूनच पात्र मुलांची निवड करून घेतलेले शुल्क परत देण्याचा मार्ग अवलंबण्यात आला. म्हणजे जूनमध्ये ज्यांना शुल्क उभे करता आले, तीच कुटुंबे ऑक्टोबरमध्ये लाभाच्या रांगेत होती. ज्यांना ते जमले नाही, त्यांची मुले एव्हाना अन्यत्र, बहुधा सरकारी शाळेत वा अंगणवाडीत, गेलेली होती.

या सवलतीची दुसरी मर्यादा वयाची आहे. ती आठवीपर्यंतच लागू असते. २०१३-१४ मध्ये बालवर्गात आलेली पहिली तुकडी २०२३-२४ मध्ये नववीत पोहोचली आणि दहा वर्षे एकाच शाळेत शिकलेल्या या मुलांपुढे प्रथमच पूर्ण शुल्काचा प्रश्न आला. काहींना तेथून सरकारी शाळेचीच वाट धरावी लागते. अशा मुलांसाठी राज्याच्या कायद्यात एक सोय आहे. सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा देणारा २०२० चा कायदा, राखीव जागेवर आठवीपर्यंत खासगी शाळेत आणि नववी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांनाही पात्र मानतो. जी मुले शुल्क भरून त्याच खासगी शाळेत राहतात, त्यांना या जागा मिळत नाहीत.